१७ वर्षं जावा केलं, आता समोर मेनफ्रेम. सुरुवात कुठल्या टोकाने करू?

हिंजवडी_वारजे

नमस्कार मंडळी,

थोडं लांबण लागेल, पण पार्श्वभूमी सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

मी १७ वर्षं जावावर काढली. स्प्रिंग, ओरॅकल, मग काफ्का, मधली दोन वर्षं कोटलिन. नवीन काही आलं की माझी ठरलेली रीत आहे: शनिवार-रविवार बसायचं, छोटंसं काहीतरी चालवून बघायचं, सोमवारी कामाला लागायचं. आजवर या रीतीने दगा दिला नव्हता.

तीन आठवड्यांपूर्वी मला नव्या प्रोजेक्टवर टाकलं. परदेशातल्या एका विमा कंपनीची हप्त्यांची आकारणी आयबीएम मेनफ्रेमवर (जुन्या घराण्यातल्या मोठ्या संगणकावर) चालते, ती जावात आणायची आहे. जुना कोड नेमकं काय करतो ते शोधून लिहून द्यायचं काम माझ्याकडे. कोबॉल, म्हणजे तिथली भाषा, नेहमीच्या रीतीने दोन दिवसांत उरकलं. लॅपटॉपवर ग्नूकोबॉल टाकलं, डिव्हिजन, पॅराग्राफ, परफॉर्म, पिक्चर क्लॉज सगळं चालवून पाहिलं. सातव्या स्तंभात तारा टाकला की ती ओळ कॉमेंट, बहात्तराच्या पुढे काही लिहायचं नाही, इथपर्यंत गंमतच वाटली.

सोमवारी खऱ्या सिस्टीमवर लॉगइन केलं आणि पाच मिनिटांत माझा ट्रेनी झाला. काळा स्क्रीन, हिरवी अक्षरं. ओळ संपली म्हणून एंटर मारलं, तर नवी ओळ आलीच नाही, अख्खा स्क्रीन कुठेतरी जाऊन परत आला. मधे एक शब्द घुसवायला गेलो तर कीबोर्ड लॉक, खाली कोपऱ्यात एक फुली. रिसेटची की शोधण्यात पाऊण तास गेला. (आमच्या एम्युलेटरमध्ये ती डावी कंट्रोल निघाली. हे कोणाला सुचतं?) अकराला चहाला टपरीवर गेलो, जरा रेंगाळलो, परत येतो तो सेशन मेलेलं, स्क्रीनवर एस५२२ (फार वेळ काही न केल्याचा कोड), आणि सकाळपासून टाइप केलेलं सगळं गायब.

हे हातांचं झालं, हातांना सवय होईल. खरी अडचण पुढे आहे. मला दिलेला प्रोग्राम ६,४०० ओळींचा आहे. त्यात फाइलचं नाव म्हणून 'प्रीमइन' एवढंच लिहिलंय. ना पाथ, ना कॉन्फिग, ना काही. सगळीकडे प्रीमइन शोधलं, तर ते चाळीस ठिकाणी निघालं आणि प्रत्येक ठिकाणी त्याच्यापुढे वेगळाच डेटासेट (मेनफ्रेमच्या भाषेत फाइल). शेवटी त्यातला एक उतरवून एडिटरमध्ये उघडला. ग्राहकाचं नाव नीट दिसतंय, पॉलिसी नंबर नीट, आणि रकमेच्या जागी नुसता कचरा.

जुने जाणकार दोनच उरलेत, दोघेही क्लायंटच्या गावी. त्यांचा दिवस उजाडतो तेव्हा मी वारज्याच्या पुलाखाली अडकलेला असतो. टीममधल्या २४ वर्षांच्या मुलीने माझ्याआधी जॉब सबमिट करून दाखवला. मी छान म्हटलं आणि डेस्कवर येऊन गप्प बसलो.

तेव्हा: कोडच्या पहिल्या ओळीपासून वाचत जाऊ की आणखी कुठून? हिरव्या स्क्रीनवर हात बसवू की व्हीएस कोडवरून काम भागेल? घरी सरावाला काही मिळतं का? आणि कृपया 'मॅन्युअल वाचा' म्हणू नका. वाचलंय. ज्याला आधीच सगळं येतं त्याच्यासाठी ते फार सुंदर लिहिलंय.

---

पंचकार्डवाली_मावशी

नावावर जाऊ नका, पंचकार्ड मी फक्त पुस्तकात खूण म्हणून वापरलंय. पण २६ वर्षं याच हिरव्या स्क्रीनपुढे गेली, तीन वर्षांपूर्वी रिटायर झाले.

तुम्ही चुकीच्या टोकाने धरलंय. प्रोग्राम सगळ्यात शेवटी वाचायचा.

जावात प्रोग्राम घरमालक असतो. कुठली फाइल उघडायची ते तोच ठरवतो, निदान कॉन्फिगमध्ये डोकावून तरी. इथे तो भाडेकरू. प्रीमइन नावाच्या नळाला पाणी येतं एवढंच त्याला माहीत, नळ कुठल्या टाकीला जोडलाय ते जेसीएलमधलं, म्हणजे जॉब कसा चालवायचा ते सांगणाऱ्या सूचनांमधलं, डीडी वाक्य ठरवतं. म्हणून तुम्हाला चाळीस टाक्या सापडल्या. प्रत्येक जॉब तोच नळ वेगळ्या टाकीला जोडतो, आणि तेच अपेक्षित आहे.

मग करायचं काय? रात्री चालणारा एकच जॉब निवडा. लायब्ररीत पडलेलं जेसीएल वाचत बसू नका, काल रात्री खरोखर जे चाललं ते वाचा. एसडीएसएफमध्ये (चाललेले जॉब बघायच्या स्क्रीनमध्ये) त्या जॉबचा आउटपुट उघडा. जेईएसजेसीएल या भागात सगळ्या प्रोसीजर उलगडून, व्हेरिएबलच्या जागी खऱ्या किमती घालून दाखवलेल्या असतात. जेईएसवायएसएमएसजी या भागात कुठल्या पायरीला कुठला डेटासेट मिळाला आणि पायरी संपल्यावर तो ठेवला, कॅटलॉग केला की पुसला, ते ओळीओळीने मिळेल. आता कागद घ्या. एक पायरी म्हणजे एक चौकोन, डावीकडून आत येणाऱ्या फाइली, उजवीकडून बाहेर पडणाऱ्या. १९९६ साली सीप्झमध्ये मला वायटूकेच्या (सन २०००च्या तारखांच्या) कामावर बसवलं, तेव्हा आमच्या साहेबांनी पहिले चार दिवस कोबॉलला हात लावू दिला नाही. हिरव्या पट्ट्यांचा प्रिंटआउट उलटा करून त्याच्या कोऱ्या बाजूवर हेच चौकोन काढायला लावले. मी मनातल्या मनात त्यांना काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. पाचव्या दिवशी प्रोग्राम उघडला तर निम्मा आधीच कळलेला होता.

जेसीएल वाचताना दोन ठिकाणी अडखळाल. एक, 'कॉन्ड'. ते उलटं वाचायचं. कॉन्डमध्ये ४ आणि एलटी दिसलं की वाचायचं: ४ हा आधीच्या एखाद्या रिटर्न कोडपेक्षा लहान असेल तर ही पायरी वगळा. अट खरी ठरली की पायरी चालत नाही! वीस वर्षं झालेले लोकही इथे बोट ठेवून वाचतात, लाजू नका. दुसरं, 'डिस्प'मधले तीन शब्द. न्यू, कॅटलॉग, डिलीट असं असेल तर पहिला सांगतो पायरी सुरू होताना फाइलची काय स्थिती, दुसरा सांगतो नीट संपलं तर तिचं काय करायचं, तिसरा सांगतो अबेंड झालं, म्हणजे मधेच कोसळलं, तर काय.

आणि आयईएफबीआर१४ नावाचा प्रोग्राम जागोजागी दिसेल. तो काय करतो म्हणून सोर्स शोधू नका, तो काहीच करत नाही. डीडी वाक्य लिहायला पायरी लागते आणि पायरीला प्रोग्राम लागतो. नुसती फाइल बनवायची किंवा पुसायची असेल तर हा बिनकामाचा गडी उभा करतात. मुळात त्यात एकच इन्स्ट्रक्शन होती: परत जा. त्यातही बग निघाला! पंधरावं रजिस्टर शून्य करत नव्हता, त्यामुळे रिटर्न कोड काय येईल याचा भरवसा नव्हता. मग दुसरी इन्स्ट्रक्शन घालावी लागली. काही न करणारा प्रोग्राम दुप्पट मोठा झाला.

आता तुमचा कचरा. रक्कम बहुधा कॉम्प-३ मध्ये असेल, म्हणजे पॅक्ड डेसिमल. कॉपीबुकमध्ये (रेकॉर्डची रचना लिहिलेली असते त्यात) 'एस९(७)व्ही९९ कॉम्प-३' असं काहीतरी बघा. नऊ आकडे आणि एक चिन्ह, एका बाइटमध्ये दोन, म्हणजे पाच बाइट. १२,३४५.६७ ही रक्कम ०० १२ ३४ ५६ ७सी अशी बसते. शेवटचा सी म्हणजे अधिक, डी असता तर उणे. दशांशबिंदू फाइलमध्ये नसतोच, तो त्या 'व्ही'मध्ये, म्हणजे फक्त कॉपीबुकात. फाइल तुम्ही टेक्स्ट म्हणून उतरवली, त्यामुळे वाटेत प्रत्येक बाइट एब्सिडिकमधलं (मेनफ्रेमच्या अक्षरसंकेतातलं) अक्षर समजून आस्कीत (लॅपटॉपच्या संकेतात) बदलला गेला. नाव सुधारलं, रक्कम नासली. एब्सिडिकमध्ये ४० म्हणजे स्पेस, आस्कीत स्पेस म्हणजे २०. तुमच्या रकमेतले चाळीस वाटेतच वीस झाले असतील. ती फाइल टाकून द्या, त्यातून काही परत मिळत नाही. बायनरी उतरवा.

त्याहून बरं म्हणजे तिथल्या तिथेच बघा. आयएसपीएफमध्ये (हिरव्या स्क्रीनवरच्या मेनू आणि एडिटरमध्ये) फाइल व्ह्यूमध्ये उघडा (एडिटमध्ये नको, पाया पडते) आणि कमांड लाइनवर 'हेक्स ऑन' द्या. प्रत्येक अक्षराखाली दोन आकडे उभे दिसतील. वरची ती रक्कम वरच्या ओळीत ०१३५७ आणि खालच्या ओळीत ०२४६सी अशी दिसेल. एकदा असं उभं वाचता आलं की सॉक-सेव्हनला (एस०सी७ या अबेंडला) भ्यायचं कारण उरत नाही. आकड्याच्या जागी आकडा नसलेलं काहीतरी आलं एवढाच त्याचा अर्थ, आणि बहुतेक वेळा ते ४०४०४० असतं. कोणीतरी रकमेत स्पेस भरलेल्या असतात.

---

संत्राबर्फी_नागपूर

मावशी, जेसीएल आधी हे शंभर टक्के पटलं. पण १७ वर्षं इंटेलिजे वापरलेल्या माणसाला आयएसपीएफवर बसवणं म्हणजे छळ आहे. मी चार वर्षं मेनफ्रेमवर आहे. व्हीएस कोडला झोवे एक्सप्लोरर लावलं की डेटासेट, जॉब, स्पूल (जॉबचा आउटपुट) सगळं डावीकडच्या पट्टीत दिसतं. आयबीएमचं झेड ओपन एडिटर टाकलं की व्हेरिएबल कुठे जन्मलं, कुठे बदललं ते एका क्लिकवर. ६,४०० ओळींत हे नको का?

घरी सरावाला आयबीएम झेड एक्सप्लोर आहे, फुकट आहे आणि खऱ्या झेड/ओएसवर (मेनफ्रेमच्या ऑपरेटिंग सिस्टीमवर) अकाउंट मिळतं. मी तिथेच शिकलो. हर्क्युलिस एम्युलेटरवर एमव्हीएस ३.८जे (झेड/ओएसचा जुना पूर्वज) चालवता येतं, त्यात मजा आहे, जेसीएलचा हात बसतो. पण तिथला कोबॉल कंपायलर एंड-इफ येण्याआधीच्या काळातला, त्यामुळे तुमच्या प्रोजेक्टचा कोड तिथे चालेल अशी आशा ठेवू नका. ग्नूकोबॉल भाषेपुरतं ठीक. लॅपटॉपवर सगळं आस्की, म्हणून तुमचं सगळं नीट चाललं.

---

पंचकार्डवाली_मावशी

वापरा की व्हीएस कोड, कोण अडवतंय. शोधायला ते सरसच आहे. पण रात्री दोनला जॉब पडतो, फोन येतो, आणि ज्याच्या मशीनवरून तुम्ही आत शिरता तिथे नुसता ३२७०, म्हणजे हिरवा स्क्रीन, असतो. तेव्हा आयएसपीएफच्या ३.४ वर जाऊन डेटासेटची यादी काढणं, एफ७-एफ८ने वरखाली जाणं, डी-डी, सी-सी या लाइन कमांड, 'एक्स ऑल' करून मग 'फाइंड ऑल' मारणं एवढं बोटांत हवं. शेवटचं तर व्हीएस कोडवाल्यांनीही शिकावं. आधी सगळ्या ओळी लपवायच्या, मग हव्या त्याच वर काढायच्या. ६,४०० ओळींतल्या प्रीमइनला हात लावणाऱ्या अकरा ओळी एका स्क्रीनवर येतात.

आणि एडिट प्रोफाइलमध्ये 'रिकव्हरी ऑन' करून घ्या. मग खुशाल चहाला जा.

---

डोंबिवली_टू_लीड्स

मी अशाच एका स्थलांतरावर तीन वर्षं होतो, कोबॉलमधून जावात. शिकायचं कसं ते मावशींनी सांगितलंच आहे. जावावाल्याचा हात आपोआप जिथे चुकतो, त्या जागा मी सांगतो. आम्ही त्या सगळ्या स्वतः चुकून शोधल्या.

कॉम्प्यूट वाक्यात 'राउंडेड' शब्द नसेल तर जादाचे दशांश सरळ कापले जातात. आमच्या पोरांनी बिगडेसिमलला सवयीने हाफ-अप (अर्ध्याला वर नेणारं) लावलं, आणि समांतर चाचणीत दर हजार पॉलिसींमागे काही ठिकाणी एका पेनीचा फरक येऊ लागला. आठवडाभर सगळे टॅक्सच्या तक्त्यात चूक शोधत होते. 'डाउन' लावा. 'फ्लोअर' नाही, परताव्याच्या उणे रकमांवर ते वेगळं उत्तर देतं.

डावीकडूनही कापलं जातं, आणि कोणी ओरडत नाही. तीन आकडी जागेत १२३४ टाका, २३४ राहतात. एक्सेप्शन वगैरे काही नाही. काही ठिकाणी हा बग असतो, काही ठिकाणी कोणीतरी मुद्दाम त्याचा वापर केलेला असतो. कुठलं काय हे विचारल्याशिवाय दुरुस्त करू नका.

वर्किंग-स्टोरेज दुसऱ्या कॉलला पुन्हा कोरं होत नाही. तुम्ही तो सबप्रोग्राम म्हणजे मेथड समजाल आणि व्हेरिएबल लोकल समजाल. ती स्टॅटिक आहेत. गेल्या पॉलिसीचा फ्लॅग या पॉलिसीला लागू होतो, आणि कधीकधी सगळं गणित त्याच्यावर उभं असतं.

सॉर्टिंगने मात्र आमचा घाम काढला. एब्सिडिकमध्ये आधी लहान लिपीतली अक्षरं, मग मोठ्या लिपीतली, आणि आकडे सगळ्यात शेवटी. जावात आकडे सगळ्यात आधी. दोन सॉर्ट केलेल्या फाइली शेजारी ठेवून जुळवत जाणारा प्रोग्राम असेल (बॅचमध्ये निम्मे तसेच असतात), एक फाइल मेनफ्रेमवरून सॉर्ट होऊन आली आणि दुसरी तुम्ही इकडे सॉर्ट केली, तर तो शांतपणे 'जुळत नाही' म्हणत पुढे जातो. आमच्याकडे अक्षराने सुरू होणारे आणि आकड्याने सुरू होणारे, असे दोन्ही पॉलिसी नंबर होते. पुढचं सांगायला नको.

आणि जुन्या कोडमध्ये पूर्णविराम शोधा. एंड-इफ नसलेल्या इफला पूर्णविरामच बंद करतो. ऐंशी स्तंभांच्या गर्दीत तो एक ठिपका, आणि त्याच्यामुळे पुढची चार वाक्यं इफच्या आत की बाहेर ते ठरतं.

---

हिंजवडी_वारजे

नऊ दिवसांनी लिहितोय.

मावशी, चौकोन काढले. ए३ कागद मिळाला नाही म्हणून लेकीच्या ड्रॉइंगच्या वहीची चार पानं चिकटवली. एका जॉबमध्ये २३ पायऱ्या निघाल्या. त्यातल्या सहा आयईएफबीआर१४ होत्या, तेव्हा तुमची आठवण झाली. आठ नुसत्या सॉर्टच्या. म्हणजे खरोखर वाचायला उरले नऊ प्रोग्राम, आणि मी तीन आठवडे त्यातल्या एकावर डोकं आपटत होतो.

हेक्स उभं वाचता येतं आता. पहिली रक्कम लागली तेव्हा क्युबिकलमध्ये जोरात 'सी! अधिक!' म्हणालो. जॉब सबमिट करून दाखवणारी ती मुलगी वळून बघायला लागली. तिला दाखवलं. कॉन्ड उलटं वाचायचं तिला माहीत नव्हतं, मला होतं. एकाला एक फिटलं.

लीड्सकर, पूर्णविरामाचं तुम्ही म्हणालात तसंच एक प्रकरण सापडलंय, पण ते मुद्दाम केलंय की चुकून, हे विचारायला क्लायंटच्या गावी सकाळ व्हायची वाट बघतोय.

सगळ्यात मोठी गोष्ट राहिलीच. ६,४०० ओळींपैकी साधारण ९०० ओळी बोनसच्या गणिताच्या आहेत. मी सर्वात जास्त वेळ त्याच्यातच घालवला होता, एकात एक चार इफ, दोन रीडिफाइन्स (एकाच जागेची दुसरी मांडणी), सगळं गुंतलेलं. ते गणित 'बोनसइन' नावाच्या फाइलमधून एकेक रेकॉर्ड वाचत जातं. चौकोन काढताना बघितलं तर जेसीएलमध्ये बोनसइनपुढे नुसतं 'डमी' लिहिलंय. म्हणजे तुमच्या भाषेत नळ आहे, टाकीच नाही! पहिल्याच वाचनाला फाइल संपली असं उत्तर येतं आणि ९०० ओळी तशाच बाजूला पडतात. मागच्या तीन महिन्यांचे आउटपुट काढून पाहिले, रोज डमी. मृत कोड म्हणून यादीत टाकला, मॅनेजर खूश, अंदाजातले बारा दिवस कमी झाले.

---

पंचकार्डवाली_मावशी

चार पानं चिकटवलीत म्हणजे काम होणार तुमच्याकडून.

पण बारा दिवस इतक्यात कमी करू नका. बोनस रोज रात्री जाहीर करतात का हो? वर्षअखेरीचा जॉब वेगळा असेल. तोच प्रोग्राम, वेगळं जेसीएल. डिसेंबरचा आउटपुट स्पूलवर आता नसणार, कुठेतरी आर्काइव्हला गेला असेल, तो मागवा. नाहीतर जॉब लायब्ररीत बोनसइन शोधा आणि किती ठिकाणी डमी नाही ते मोजा.

---

हिंजवडी_वारजे

एका ठिकाणी डमी नाही. ३१ डिसेंबरचा जॉब. खराखुरा डेटासेट जोडलाय.

मॅनेजरशी बोलायला चाललोय.